विश्लेषण : १८ कोटींचा उपचार आणि साधी कॅप्सूल… सिकलसेलशी लढणारे रसायन मात्र एकच!

सिकलसेल हा आजार बारावीच्या विद्यार्थ्यांना बहुतेकदा एका ओळीपुरता माहीत असतो. ‘हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन.’ नीटच्या सराव परीक्षेत या ओळीवर प्रश्न येतो, पर्याय निवडला जातो, चार गुण मिळतात आणि विषय संपतो. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार किंवा मेळघाटातल्या अनेक घरांत मात्र हीच ओळ वेगळ्या रूपात भेटते. मध्यरात्री हातापायांच्या हाडांत उठणारी कळ, वारंवार चढवावे लागणारे रक्त, बुडणारी शाळा.

ही ओळ सध्या पुन्हा बातम्यांत आहे. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने क्रिस्पर तंत्रावर आधारलेल्या जगातल्या पहिल्या उपचाराला मान्यता दिली, ती सिकलसेलसाठी. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने ‘बिरसा १०१’ या देशी क्रिस्पर उपचाराची घोषणा केली. दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी या संस्थेने तो विकसित केला असून त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवले जात आहे. बिरसा मुंडा यांच्या १५० व्या जयंतीच्या वर्षात हे नाव निवडले गेले, हेही सूचक आहे.

या बातम्यांचा आनंद व्हायलाच हवा. पण त्या वाचताना एक गोष्ट निसटते. १८ कोटींचा क्रिस्पर उपचार आणि गेली काही दशके औषधांच्या दुकानात मिळणारी साधी कॅप्सूल शरीरात एकच काम करून घेतात. जैवरसायनशास्त्राने दोन्ही वाटा दाखवल्या. त्यातली महागडी वाट मथळ्यात आली आणि स्वस्त वाट अजून गावापर्यंत नीट पोहोचलेली नाही. हे समजून घ्यायचे तर पाठ्यपुस्तकातल्या त्या ओळीपासूनच सुरुवात करावी लागते.

एका अक्षराने एवढे काय बिघडते?

रक्तातल्या तांबड्या पेशी हिमोग्लोबिनने गच्च भरलेल्या असतात. हिमोग्लोबिनच्या प्रत्येक रेणूत चार साखळ्या असतात, दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा साखळी १४६ अमिनो आम्लांची. सिकलसेलमध्ये त्यातले फक्त एक बदलते. डीएनएमध्ये ‘जीएजी’च्या जागी ‘जीटीजी’ येते, म्हणजे ‘ए’चा ‘टी’ होतो, बस्स.

(इथे विद्यार्थ्यांचा एक गोंधळ होतो. नव्या जनुकीय नोंदींमध्ये हाच बदल ‘सातव्या’ जागी दाखवलेला असतो. प्रथिन तयार होताना सुरुवातीला लागणारे आणि नंतर कापले जाणारे मेथिओनिन त्या पद्धतीत मोजले जाते, जुन्या पद्धतीत मोजले जात नाही. कॉम्प्युटरवाले शून्यापासून मोजतात आणि बाकी जग एकापासून, तसाच हा प्रकार. परीक्षेत मात्र सहावी जागाच लिहावी.)

पण जागा बदलली म्हणून आजार का व्हावा? ग्लुटामिक ॲसिडवर विद्युतभार असतो, त्याला पाणी आवडते. व्हॅलिनवर भार नसतो, ते पाण्यापासून अंग चोरते. हिमोग्लोबिनच्या पृष्ठभागावर अशी पाण्याला नकोशी जागा तयार झाली की ती लपायला आडोसा शोधते. हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला की त्याचा आकार किंचित बदलतो आणि शेजारच्या रेणूवर नेमकी तशी खाच उघडी पडते. एका रेणूचे व्हॅलिन दुसऱ्याच्या खाचेत बसते, दुसऱ्याचे तिसऱ्याच्या. लेगोचे ठोकळे एकात एक अडकावेत तशा लांबच लांब दोऱ्या तयार होतात. या दोऱ्या पेशीला आतून ताणतात आणि गोल, लवचिक पेशी विळ्यासारखी वाकडी आणि ताठर होते.

पुढचे सगळे त्यातून येते. ताठर पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, पुढच्या भागाला ऑक्सिजन मिळत नाही आणि असह्य वेदना सुरू होतात. डॉक्टर त्याला ‘क्रायसिस’ म्हणतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, तर ही जेमतेम १० ते २० दिवस. म्हणून रक्त कमी पडते. प्लीहा लहानपणीच निकामी होऊ लागते, म्हणून जंतुसंसर्ग पटकन होतो. काहींना कोवळ्या वयात पक्षाघाताचा झटका येतो.

ही साखळी उलगडायला जवळपास अर्धे शतक लागले. शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये विळ्याच्या आकाराच्या पेशींचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी निरोगी माणसाचे आणि रुग्णाचे हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात वेगवेगळ्या गतीने सरकते हे दाखवले आणि सिकलसेलला ‘रेणूचा आजार’ म्हटले. एखाद्या आजाराचे मूळ थेट एका रेणूत दाखवण्याची ती पहिली वेळ होती.

तो फरक नेमका कुठे, हे १९५६ मध्ये केंब्रिजच्या व्हर्नन इन्ग्रॅम यांनी शोधले. पद्धत इतकी साधी होती की आजच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतही कल्पना करता येईल. ट्रिप्सिन या विकराने त्यांनी हिमोग्लोबिनचे तुकडे केले आणि ते कागदावर पसरवले. दोन्ही नमुन्यांतले जवळपास सगळे ठिपके तंतोतंत जुळले. एकच ठिपका जागेवरून सरकला होता. आजार त्या ठिपक्यात होता. या प्रयोगाबद्दल पाठ्यपुस्तकात बहुधा एक वाक्य असते आणि त्याने नुकसान होते. उत्तर पाठ करण्यापेक्षा ते शोधले कसे हे कळले, तर पुढचे संशोधन जादू वाटत नाही.

बाळ सुरुवातीचे काही महिने ठणठणीत का असते?

सगळ्या उपचारांची किल्ली या प्रश्नात आहे. सिकलसेल घेऊन जन्मलेले बाळ पहिले पाच-सहा महिने बहुधा निरोगी दिसते. १९४८ मध्ये ब्रुकलिनच्या बालरोगतज्ज्ञ जेनेट वॉटसन यांनी याकडे लक्ष वेधले. नवजात बाळांच्या पेशी सहजासहजी वाकत नाहीत, कारण त्यांच्यात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन भरपूर असते, असे त्यांचे म्हणणे होते.

गर्भात बाळाला आईच्या रक्तातून ऑक्सिजन ओढून घ्यायचा असतो. त्यासाठी त्याच्याकडे वेगळे हिमोग्लोबिन असते, ज्यात बीटाऐवजी गॅमा साखळ्या असतात. जन्मानंतर काही महिन्यांत शरीर गॅमाचे उत्पादन बंद करते आणि बीटाचे वाढवते. ज्याच्या बीटामध्येच चूक आहे, त्याचा आजार तिथून सुरू होतो. गॅमा साखळी व्हॅलिनच्या त्या दोरीत सामील होत नाही, उलट दोरी तुटती ठेवते. म्हणजे रुग्णाच्या शरीरात आजाराचा उतारा जन्मतःच असतो, फक्त त्याचे बटण बंद झालेले असते.

काही कुटुंबांत हे बटण जन्मभर अर्धवट चालू राहते आणि त्यांना सिकलसेलचा त्रास फारसा होत नाही. भारतातल्या बहुतेक रुग्णांत सिकलसेलचे जनुक ‘अरब-भारतीय’ प्रकारच्या जनुकीय पार्श्वभूमीवर आढळते आणि त्यांच्यात हे गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन आफ्रिकी रुग्णांपेक्षा सरासरीने जास्त असते. त्यावरून ‘भारतातला सिकलसेल सौम्य’ असा समज पसरला. विदर्भातल्या बालरोग विभागांचा अनुभव वेगळा आहे. तिथे वारंवार दाखल होणारी, पुन्हा पुन्हा रक्त लागणारी मुले कमी नाहीत. सरासरी चांगली असली म्हणून समोरच्या मुलाची वेदना सौम्य होत नाही.

क्रिस्परने नेमके काय केले?

बटण कोणी बंद केले, हे २००८ च्या सुमारास स्पष्ट झाले. ‘बीसीएल११ए’ नावाचे प्रथिन गॅमा साखळीचे जनुक दाबून ठेवते, असे बोस्टनमध्ये स्टुअर्ट ऑर्किन यांच्या प्रयोगशाळेत दिसून आले. त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक होते विजय शंकरन. म्हणजे बीसीएल११ए हटवले की गॅमा परत सुरू. पण हेच प्रथिन मेंदूत आणि रोगप्रतिकारक पेशींतही कामाचे असते, त्यामुळे ते सरसकट काढून टाकणे परवडणारे नव्हते. पुढे २०१३ मध्ये कळले की तांबड्या पेशी तयार होताना या जनुकाला चालना देणारा डीएनएचा एक छोटा तुकडा वेगळाच आहे. घराचा मेन स्विच न पाडता एकाच खोलीचे बटण बंद करता यावे, तशी ही सोय.

क्रिस्पर इथे कामी आले. इमॅन्युएल शार्पेन्टिए आणि जेनिफर डाउडना यांनी २०१२ मध्ये या तंत्राची मांडणी केली आणि २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळवले. कॅस९ हे विकर म्हणजे डीएनए कापणारी कात्री. तिच्याबरोबर जाणारा आरएनएचा तुकडा तिला कुठे कापायचे तो पत्ता सांगतो. ‘कॅसजेव्ही’ या मान्यताप्राप्त उपचारात रुग्णाच्या रक्तमूळ पेशी बाहेर काढतात, प्रयोगशाळेत त्या छोट्या तुकड्यावर काप देतात आणि पेशी परत शरीरात सोडतात. लक्षात घ्यायची बाब म्हणजे यात सिकलसेलची मूळ चूक दुरुस्त होतच नाही. ‘जीटीजी’ तसेच राहते. फक्त गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन पुन्हा वाहू लागते.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्यता देताना जाहीर केलेल्या आकड्यांनुसार, पुरेसा काळ निरीक्षणाखाली असलेल्या ३१ पैकी २९ रुग्णांना सलग किमान १२ महिने एकही तीव्र क्रायसिस आला नाही. दर काही आठवड्यांनी रुग्णालय गाठणाऱ्यांसाठी हा निकाल विलक्षण आहे.

पण त्याची किंमतही तशीच. अमेरिकेत या उपचाराची जाहीर किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे सुमारे १८ कोटी रुपये. त्यात रुग्णालयाचा खर्च धरलेला नाही. शिवाय दुरुस्त पेशींना जागा करून देण्यासाठी आधीची अस्थिमज्जा केमोथेरपीने रिकामी करावी लागते. कित्येक आठवडे रुग्णालयात राहावे लागते, जंतुसंसर्गाचा धोका असतो आणि वंध्यत्व येण्याचीही शक्यता असते. सुई टोचली आणि बरा झाला, असे हे प्रकरण नाही. मथळे वाचून तसेच वाटते, हा भाग वेगळा.

मग ते एक अक्षरच का दुरुस्त करत नाहीत?

हा प्रश्न वर्गात कोणी ना कोणी विचारतेच आणि तो बरोबर आहे. क्रिस्परची कात्री कापते चांगली, पण हवे ते अक्षर लिहिणे तिला तितकेसे जमत नाही. त्यासाठी हार्वर्डच्या डेव्हिड लिउ यांच्या गटाने २०१६ पासून ‘बेस एडिटिंग’ विकसित केले. यात दोन्ही धागे न कापता एका अक्षराचे रासायनिक रूपांतर करतात. गंमत म्हणजे सध्याच्या बेस एडिटरना सिकलसेलमधला ‘टी’ परत ‘ए’ करता येत नाही, पण त्याचा ‘सी’ करता येतो. मग ‘जीटीजी’चे होते ‘जीसीजी’, आणि व्हॅलिनच्या जागी येते ॲलॅनिन. असे हिमोग्लोबिन काही माणसांत नैसर्गिकरीत्याच आढळते, इंडोनेशियातल्या मकासर शहरावरून त्याला नाव आहे, आणि ते त्रासदायक नसते. चूक पुसता येत नसेल तर ती निरुपद्रवी चुकीत बदलायची! २०२१ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात हे जमले.

त्याही पुढची पायरी म्हणजे पेशी बाहेर न काढता शरीरातच दुरुस्ती. २०२५ मध्ये फिलाडेल्फियातल्या डॉक्टरांनी एका बाळासाठी खास तयार केलेला बेस एडिटर चरबीच्या सूक्ष्म कणांतून थेट यकृतात पोहोचवला. त्या बाळाला युरिया चक्रातल्या एका विकराचा जन्मजात अभाव होता. हो, तेच युरिया चक्र, जे पाठ करताना नाकी नऊ येतात. यकृताला हे जमले, कारण असे कण आपोआप तिकडेच जातात. अस्थिमज्जेत ते पोहोचवणे अवघड आहे आणि सिकलसेलसाठी खरी कसोटी तिथे आहे.

भारतीय उपचाराकडून काय अपेक्षा करावी?

आयजीआयबीच्या संशोधकांनी नेहमीच्या कॅस९ऐवजी ‘फ्रान्सिसेला नोव्हिसिडा’ या जिवाणूतले विकर निवडले. पत्त्यात एखादे अक्षर चुकले तरी ते कापायला सहसा तयार होत नाही, म्हणजे अचूकता जास्त. मूळ विकर मात्र कामाला धिमे. त्यात बदल करून संशोधकांनी ते चपळ केले. हेच विकर करोनाकाळात ‘फेलुदा’ चाचणीत वापरले होते, आणि ती चाचणीही मुळात सिकलसेलचे एक अक्षर ओळखण्याच्या कामातून पुढे आली. स्वतःची कात्री असल्याने परदेशी पेटंटचा बोजा कमी होईल, हा युक्तिवाद पटण्यासारखा आहे.

तरीही ‘स्वस्त’ या शब्दाबद्दल सावध राहायला हवे. खर्च फक्त कात्रीचा नसतो. पेशी काढणे, अतिस्वच्छ प्रयोगशाळा, केमोथेरपी, अस्थिमज्जा विभागातले आठवडे, हे सगळे उरतेच. मुंबईतच याचे उदाहरण आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून आलेल्या ‘नेक्सकार१९’ या रक्ताच्या कर्करोगावरील पेशी उपचाराला २०२३ मध्ये मान्यता मिळाली. परदेशात काही कोटींना मिळणारा उपचार इथे ३० ते ४० लाखांच्या घरात आला, ही मोठीच कामगिरी. पण धडगाव किंवा भामरागडच्या कुटुंबासाठी ४० लाख आणि १८ कोटी यांत फरक काय? दोन्ही आकडे सारखेच अशक्य. सरकारी खर्चाने मोजक्या, अत्यवस्थ रुग्णांसाठी देशी जनुकीय उपचार जरूर व्हावा. त्याआधी त्याला रुग्णांवरच्या चाचण्यांतून पार पडावे लागेल आणि त्यात घाई नको. मात्र देशातल्या लाखो रुग्णांची पुढची दहा वर्षे त्यावर ठरणार नाहीत.

कॅप्सूल कुठे अडते?

ती वर्षे ठरतील हायड्रॉक्सियुरियावर. मुळात कर्करोगासाठी वापरले जाणारे हे औषध रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज या विकराला रोखते. त्यामुळे अस्थिमज्जेवर हलका ताण येतो आणि त्या धांदलीत गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन वाढते. क्रिस्पर जे एका जागी काप देऊन घडवते, तेच हे औषध रोजच्या कॅप्सूलने, कमी प्रमाणात आणि तात्पुरते घडवते. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत २९९ प्रौढ रुग्ण होते आणि औषध घेणाऱ्यांत क्रायसिसचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. १९९८ मध्ये त्याला तिथे मान्यता मिळाली. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या बालरोगतज्ज्ञांनी तीव्र त्रास असलेल्या मुलांना वजनाच्या दर किलोमागे रोज १० मिलिग्रॅम एवढी कमी मात्रा दिली आणि तिचाही चांगला गुण येतो, हे २०१२ मध्ये शोधनिबंधातून मांडले.

म्हणजे पुरावा आहे, औषध भारतात बनते आणि ते महाग नाही. तरी ते अडते. ‘कर्करोगाचे औषध’ या शिक्क्याने पालक घाबरतात, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातले नवे डॉक्टरही. औषध सुरू केल्यावर पांढऱ्या पेशी फार घटत नाहीत ना, हे पाहायला ठरावीक काळाने रक्ततपासणी लागते. गरोदरपणात ते बंद ठेवावे लागते. ५०० मिलिग्रॅमची कॅप्सूल १२ किलोच्या मुलाला कशी द्यायची, हा प्रश्न वेगळाच. रोज १२० मिलिग्रॅम हवे असताना हाती येते चौपट. त्यासाठी मुलांचे द्रवरूप औषध गावपातळीवर सतत उपलब्ध हवे. आणि सगळ्यात मोठा अडथळा म्हणजे सातत्य. औषध दोन-तीन महिने नियमित घेतल्यावर परिणाम दिसू लागतो, बंद केले की तो ओसरतो. साठा महिनाभर संपला, तर मिळवलेले सगळे गेले.

यातली कुठलीही अडचण विज्ञानाची नाही. खरेदी, साठा, प्रशिक्षण आणि रक्ततपासणी यांची ती आहे, आणि म्हणूनच तिची बातमी होत नाही. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. ७ कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले गेले आणि २०२५ च्या मध्यापर्यंत त्यातली ६ कोटींहून अधिक तपासणी झाल्याचे सरकारने सांगितले. दोन लाखांहून अधिक रुग्ण त्यातून सापडले. काम मोठे आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. पण तपासणीचा आकडा हा मोहिमेचा अर्धा भाग झाला. सापडलेल्यांपैकी किती जण वर्षभर न चुकता औषध घेत आहेत, हा आकडा तेवढ्याच ठळकपणे, जिल्हानिहाय, दर तीन महिन्यांनी जाहीर व्हायला हवा.

तपासणी नेमकी कधी व्हावी?

शिबिरात सहसा सोल्युबिलिटी चाचणी होते. रक्ताचे काही थेंब एका द्रावणात टाकतात. सिकल हिमोग्लोबिन असेल तर द्रावण गढूळ होते, मागे धरलेल्या कागदावरच्या रेषा दिसेनाशा होतात. स्वस्त, झटपट, शाळेच्या व्हरांड्यात करता येण्याजोगी. पण ती वाहक आणि रुग्ण यांत फरक सांगत नाही, त्यासाठी पुढे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. आणि नवजात बाळात ती फसते. कारण वर आलेच आहे. बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन इतके असते की द्रावण स्वच्छच राहते. जे रसायन बाळाचे रक्षण करते, तेच त्याचा आजार चाचणीपासून लपवते.

पहिली काही वर्षे तर सर्वांत जोखमीची. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत लहान सिकलसेलग्रस्त मुलांना रोज पेनिसिलिन दिल्याने न्यूमोकोकस जिवाणूचा गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी घटला. पण पेनिसिलिन कोणाला द्यायचे, हे कळायला बाळ जन्मतः तपासले पाहिजे. त्यासाठी टाचेतून घेतलेला रक्ताचा थेंब आणि एचपीएलसी यंत्र असलेली जिल्हा प्रयोगशाळा लागते. विदर्भात नवजात बाळांच्या तपासणीचे अभ्यास झालेले आहेत, त्यामुळे हे इथे जमत नाही असे म्हणता येणार नाही. आता प्रसूती बहुतांशी दवाखान्यातच होतात, बाळ बीसीजीच्या लशीसाठी हातात येतेच. त्याच वेळी टाचेचा थेंब घेणे हा नियम व्हायला हवा. त्यातही केवळ आदिवासी तालुक्यांपुरते थांबून चालणार नाही. विदर्भात अनुसूचित जाती आणि इतर मागास वर्गांतही सिकलसेल आहे आणि नागपूरसारख्या शहरातही आहे.

लग्नाआधी कार्ड जुळवण्याचा सल्ला मोहिमेत दिला जातो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, हे गणित खरे आहे आणि तरुणांना ते माहीत असायलाच हवे. मात्र वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. वाहकाच्या शरीरात निम्म्याहून अधिक हिमोग्लोबिन निरोगी असते. मलेरियाशी लढताना वाहक असणे फायद्याचेच ठरले, असे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेत दाखवले होते, आणि मलेरियाच्या जंगलपट्ट्यांत हे जनुक टिकून राहण्याचे कारणही तेच. समुपदेशनाविना नुसते कार्ड हाती दिले, तर मुलीचे लग्न मोडण्याचा तो आणखी एक कागद होतो.

जनुकीय उपचार घेतलेल्या रुग्णांचा १५ वर्षे पाठपुरावा अमेरिकेत होणार आहे. नको त्या जागी काप बसला असेल, तर त्याचा परिणाम उशिरा दिसू शकतो म्हणून. उद्या देशी उपचार भामरागडच्या एखाद्या मुलीपर्यंत पोहोचला, तर तिचाही तेवढाच काळ पाठपुरावा लागेल. तिचे गाव बदलले, लग्न झाले, ती कामासाठी तेलंगणात गेली तरी तिची नोंद तिच्याबरोबर जायला हवी. तीच नोंदवही आज हायड्रॉक्सियुरियासाठी हवी आहे. या महिन्याच्या कॅप्सूल कोणी नेल्या, कोणी नेल्या नाहीत, आणि जे आले नाहीत त्यांच्या घरी कोण गेले.